परदेशी विद्यापीठं येताहेत, पण 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे नेमकं काय?

आजची पोस्ट लांबलचक आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

जून २०२५ मध्ये मुंबईत एका समारंभात पाच परदेशी विद्यापीठांना आपल्याकडे कॅम्पस काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. स्कॉटलंडचं अ‍ॅबरडीन, इंग्लंडचं यॉर्क, ऑस्ट्रेलियातलं युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी ही डिझाइनची संस्था. नव्या विमानतळाच्या आसपास 'एज्युसिटी' उभी राहणार, मुलांना परदेशी पदवी घरबसल्या मिळणार, अशा बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले. 'आता शिक्षण आंतरराष्ट्रीय होणार' हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलं की मला त्या शब्दाचाच इतिहास बघावासा वाटला.

मी इतिहास शिकवतो. त्यामुळं एखादी गोष्ट 'पहिल्यांदाच' घडतेय असं कुणी म्हटलं की मागं वळून बघायची सवय आहे. गेलं वर्षभर ओळखीतल्या प्राध्यापकांना मी एकच प्रश्न विचारतोय: उच्च शिक्षणाचं आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे तुमच्या मते काय?

एका विभागप्रमुखांनी सांगितलं, "एमओयू. नॅकच्या फाइलला किती एमओयू लागले ते विचारतात." एका तरुण सहायक प्राध्यापकाच्या मते आंतरराष्ट्रीय म्हणजे स्कोपसमधला पेपर. त्याशिवाय पुढची बढती नाही. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारे एकजण म्हणाले, "खरं सांगू? जास्तीची फी." भाषेच्या एका मॅडम म्हणाल्या, "म्हणजे अजून थोडं मराठी कमी." आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी, नेट-सेट-पीएचडी सगळं झालेली, हसून म्हणाली, "सर, माझं मानधन मार्चपासून आलेलं नाही. तुम्ही कुठलं आंतरराष्ट्रीय विचारताय?"

पाच माणसं, पाच उत्तरं. यातलं एकही खोटं नाही. पण गंमत बघा, या पाचातल्या एकानंही ज्ञान, प्रश्न, ग्रंथ, संशोधन यातला एक शब्द उच्चारला नाही. ही त्यांची चूक नाही. त्यांना रोज ज्या फॉर्ममध्ये माहिती भरावी लागते त्या फॉर्मची ही भाषा आहे.

या विषयावरच्या अभ्यासात कॅनडाच्या जेन नाइट यांनी २००३ मध्ये केलेली व्याख्या जगभर वापरतात. तिचा आशय असा: उच्च शिक्षणाचा हेतू, काम आणि शिकवण्याची पद्धत या सगळ्यांत आंतरराष्ट्रीय, आंतरसांस्कृतिक किंवा जागतिक अंग मुरवण्याची प्रक्रिया. पुढं २०१५ मध्ये हान्स द विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली की ही प्रक्रिया हेतुपूर्वक व्हावी आणि तिनं समाजाला काहीतरी अर्थपूर्ण द्यावं. म्हणजे विद्यार्थी इकडून तिकडं गेला, करारावर सह्या झाल्या, फोटो निघाला, एवढ्यानं व्याख्या पुरी होत नाही.

आता आपल्याकडचा इतिहास बघू. कारण पुणे-मुंबईच्या विद्यापीठीय जगात 'आंतरराष्ट्रीय' या गोष्टीचे निदान चार अर्थ होऊन गेलेत, आणि प्रत्येक अर्थानं वेगळी माणसं घडवली.

पहिला अर्थ: बाहेरून आलेलं माप

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे विद्यापीठ शिकवत नव्हतं. ते परीक्षा घेत होतं, कॉलेजं जोडून घेत होतं आणि पदव्या देत होतं. अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षेची पद्धत, सगळं तिकडचं. १८६२ मध्ये पहिली तुकडी बी.ए. झाली. तिच्यात न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

हा आंतरराष्ट्रीयपणा सत्तेनं लादलेला होता. माप लंडनचं, मापायचं आपल्याला. पण त्याच काळात एक वेगळी गोष्टही घडत होती. एल्फिन्स्टन कॉलेजात गेओर्ग ब्यूलर, पुण्यात आधी मार्टिन हाउग आणि मग डेक्कन कॉलेजात फ्रांझ कीलहॉर्न, हे जर्मन पंडित संस्कृत शिकवायला आले होते. शिकवायला आले आणि इथल्या शास्त्र्यांकडून शिकले. कीलहॉर्न यांनी पातंजल महाभाष्याची आवृत्ती काढली ती इथल्या पाठशाळांतल्या व्याकरणपरंपरेशी जवळून ओळख झाल्यावर. १८६६ मध्ये ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी 'बॉम्बे संस्कृत सिरीज' सुरू केली. गावोगाव हस्तलिखितं शोधण्याचं सरकारी काम या मंडळींनी केलं आणि पुढं भांडारकरांनीही केलं.

भांडारकर १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. त्याच्या आदल्या वर्षी ग्योटिंगेन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. गुलाम देशातला एक अध्यापक युरोपच्या विद्वानांसमोर बरोबरीनं उभा राहतो, हे तेव्हा साधं नव्हतं. आणि तो उभा राहिला तो इथल्या हस्तलिखितांवर केलेल्या कामाच्या जोरावर.

दुसरा अर्थ: जायचं, शिकायचं, परत यायचं

१८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. गणिताच्या त्या परीक्षेत पहिलं येणं म्हणजे तिकडं मोठी नोकरी हात जोडून उभी. ते परत आले आणि १९०२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून दोन दशकांहून अधिक काळ काम केलं, तेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला मिळणाऱ्या बेताच्या पगारात.

याच फर्ग्युसनमध्ये १९१२ ते १९१८ पाली शिकवायला होते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा माणूस. शालेय शिक्षण धड पूर्ण नाही, हातात एकही पदवी नाही. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघाला आणि काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरत पाली शिकला. १९१० मध्ये हार्वर्डनं त्यांना 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी बोलावून घेतलं. आज एखाद्या निवड समितीसमोर हा माणूस आला तर एपीआयचे गुण किती म्हणून त्याला दारातूनच परत पाठवतील. कोसंबींचं आंतरराष्ट्रीय जग लंडनमार्गे गेलेलं नव्हतं हेही लक्षात घ्या. ते आधी कोलंबो आणि रंगूनमार्गे गेलं, हार्वर्ड नंतर आलं.

तसंच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. महिला विद्यापीठाची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली ती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. कर्व्यांनी नमुना जपानचा घेतला, पण शिकवण्याचं माध्यम मातृभाषा ठेवलं. जगाकडून कल्पना घ्यायची आणि मुलीला तिच्या भाषेत शिकवायचं, यात त्यांना कुठं विरोध दिसला नाही. पुढं १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हा गृहस्थ आपल्या विद्यापीठाची माहिती सांगत युरोप, अमेरिका, जपान फिरून आला.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते परत गेले. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली.

विषय कुठले होते बघा. १९१६ मध्ये कोलंबियाच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर. कोलंबियाचा प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. बाबासाहेब तिकडं गेले ते इथले प्रश्न पिशवीत घेऊन. तिथल्या ग्रंथालयांनी आणि शिक्षकांनी त्यांना हत्यारं दिली. प्रश्न आपलेच होते.

इरावती कर्वे यांचंही तसंच. १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या ठेवणीवरून वंशांतला फरक दिसतो का, हे तपासायचं काम इरावतीबाईंना दिलं होतं. त्यांनी मोजमापं घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाला नको असलेलं उत्तर त्याच्याच संस्थेत बसून लिहायचं, तेही परक्या देशात, एका तरुण भारतीय बाईनं. ते फक्त डिग्री आणणं नव्हतं. पुढं त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्राचा समाज, नातेसंबंध, वारी यांवर आयुष्यभर काम केलं.

तिसरा अर्थ: जग इथं कामाला येतं

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा अर्थ, आणि आज तोच सगळ्यात जास्त विसरला गेलाय.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला हवी, ही मागणी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटर्निट्झ यांनी केली. युरोपातल्या अकादमींनी कामाला हात घातला, १९०८ मध्ये ल्यूडर्स यांनी एक छोटा नमुना छापला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि काम बंद पडलं.

पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी मंगलाचरणाचा श्लोक लिहून महाभारताच्या कामाचा आरंभ केला. युरोपच्या अकादमींना न जमलेलं काम पुण्यातल्या एका संस्थेनं अंगावर घेतलं.

१९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडं संस्कृतात डॉक्टरेट केलेले. काम कसं चालायचं? प्रत्येक श्लोकासाठी कागद. वर श्लोक, खाली एकेका हस्तलिखितातला पाठ, अक्षरन् अक्षर लावून. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी, एवढ्या लिप्यांतली हस्तलिखितं. त्या वाचणारी माणसं शोधायची. पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावरलाही पाठ जुळवण्याची केंद्रं होती. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ हस्तलिखितं जमेस धरली.

आणि मग सुकथनकरांच्या लक्षात आलं की बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या हस्तलिखितांची वंशावळ काढता येते. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. महाभारताच्या पोथ्या मात्र एकमेकींत मिसळलेल्या. कथेकरी, पंडित, लेखनिक एका प्रांतातलं दुसऱ्या प्रांतात नेत राहिले. मग त्यांनी नियमच नव्यानं बसवले आणि १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते मांडले. ती प्रस्तावना जगभरचे ग्रंथसंपादक आजही वाचतात.

या प्रकल्पात सभापर्वाचं संपादन कुणी केलं माहितीय? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्रोफेसर फ्रँकलिन एजर्टन यांनी. १९४४ मध्ये ते पर्व प्रसिद्ध झालं. म्हणजे येलचा प्राध्यापक पुण्यानं ठरवलेल्या नियमांनुसार पुण्याच्या प्रकल्पासाठी काम करत होता. याला कुणी एमओयू म्हटलं नाही, कुणी फलक लावले नाहीत. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. बेलवलकर, मग प. ल. वैद्य यांनी काम पुढं नेलं आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं, एकोणीस खंड, सत्तेचाळीस वर्षं. त्या मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, राज्य मराठी झालं, पानशेतचा पूर येऊन गेला. काम चालू राहिलं.

पुढं डेक्कन कॉलेजात तसंच झालं. १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं आधुनिक भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरल्या. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ शिकवायला आले, इथली तरुण मंडळी तिकडं गेली. अशोक केळकर कॉर्नेलला गेले आणि १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. परत येऊन त्यांनी भाषाशास्त्र मराठीतून लिहिलं, त्यासाठी मराठीत नवे शब्द घडवले. 'रुजुवात'ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

उलट दिशेनंही माणसं आली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर अमेरिकेत प्रबंध लिहिला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी विभागांना तो संशोधनाचा विषयच वाटत नव्हता. हायडेलबर्गचे ग्युंटर सोन्थायमर धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर संशोधन केलं आणि त्या फलटणच्याच झाल्या, तिथं मराठी माध्यमाची शाळा उभी केली. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचा एक गट १९६९ पासून आपले विद्यार्थी पुण्याला पाठवू लागला. ती मुलं मराठी शिकायची, घरांत राहायची, मंडईत भाजी घ्यायची.

आता थोडं थांबतो. कारण ही गोष्ट सोनेरी मुलामा देऊन सांगण्यात अर्थ नाही. त्या जुन्या जगात बहुतेक सगळे पुरुष होते आणि बहुतेक सगळे ब्राह्मण. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही म्हणून फारसी घ्यावं लागलं, आणि त्याच काळात आपण संस्कृतातल्या संशोधनाच्या जोरावर जगात नाव काढत होतो. हे दोन्ही खरं आहे. आंतरराष्ट्रीय असणं म्हणजे आपोआप न्याय्य असणं नव्हे. न्यूयॉर्कचा दरवाजा बाबासाहेबांना उघडला, गावातल्या पाणवठ्याचा उघडला नव्हता. म्हणून हा प्रश्न कायम विचारायला हवा: कोण जातं, कुणाच्या पैशावर जातं, आणि जगाबरोबरच्या या देवाणघेवाणीत कुणाला जागा नसते?

चौथा अर्थ: बाजार

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्याबरोबर सेवाव्यापाराचा करार, गॅट्स. त्यात शिक्षण ही व्यापाराची सेवा झाली. २००३ मध्ये शांघायची जागतिक क्रमवारी आली, पाठोपाठ इतर आल्या. विद्यापीठांना नंबर मिळू लागले. नंबर मिळाले की ते वाढवायची घाई लागते. परदेशी विद्यार्थी किती, परदेशी शिक्षक किती, परदेशी सहलेखक किती, याचे रकाने आले. माझ्या त्या पाच सहकाऱ्यांची उत्तरं या रकान्यांतून आलेली आहेत.

परदेशी संस्थांना परवानगी देणारं विधेयक २०१० मध्ये संसदेत मांडलं गेलं, पण ते बारगळलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं दार उघडायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं नियम काढले: जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेली विद्यापीठं इथं कॅम्पस काढू शकतात. प्रवेश कसे द्यायचे आणि फी किती घ्यायची हे बव्हंशी तीच ठरवणार. फी वाजवी असावी अशी अपेक्षा आहे. आरक्षणाचं बंधन नाही. गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं आधीच सुरू झाली, गुरुग्राममध्ये साउदॅम्प्टन सुरू झालं. आता आपली पाळी.

मी याच्या विरोधात झेंडा घेऊन उभा नाही. परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा १३ लाखांच्या वर गेलाय. एकेका घरानं जमीन विकून, कर्ज काढून मुलाला पाठवलंय. तीच पदवी थोड्या कमी पैशांत आणि घराजवळ मिळत असेल तर त्या आईबापांना नको म्हणणारा मी कोण? आणि आपणही बाहेर जातोच. आपल्या पुणे विद्यापीठाचा कॅम्पस कतारमध्ये दोह्याला आहे. मग दुसऱ्यानं आपल्याकडं यायचं नाही, असं कसं म्हणता येईल?

माझा मुद्दा दुसरा आहे. या चौथ्या अर्थानं आधीचे तिन्ही अर्थ गिळून टाकले तर आपण काय गमावू?

एक उदाहरण देतो. भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये सुमारे ४७ हजार होती. त्यात सगळ्यात जास्त नेपाळचे, मग अफगाणिस्तान वगैरे. पुण्यात तर आफ्रिकेतले, अरब देशांतले, अफगाण विद्यार्थी कित्येक वर्षं राहतायत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं घरच्यांच्या काळजीनं आणि व्हिसाच्या चिंतेनं रात्र रात्र जागत होती. त्या वेळी आपल्या किती विभागांनी त्यांच्याकडून अफगाणिस्तान समजून घेतलं? किती वर्गांत एखाद्या येमेनी किंवा सुदानी मुलाला उभं करून 'तुझ्या देशात हा प्रश्न कसा दिसतो' असं विचारलं? जग वर्गात शेवटच्या बाकावर बसलंय आणि आपण ते शोधायला ब्रोशर छापतोय. बरं, भाड्यानं घर मागायला गेल्यावर यातल्या काही मुलांना आपलं शहर काय ऐकवतं ते मी इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि अनुदानित कॉलेजांत मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. विभागच्या विभाग एक-दोन पूर्णवेळ शिक्षक आणि बाकी सीएचबीवर चालतात. महाभारताच्या प्रकल्पाला सत्तेचाळीस वर्षं लागली. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असलेला माणूस कुठला दीर्घ प्रकल्प हातात घेणार? त्याला पुढच्या जूनची खात्री नाही. येलच्या प्राध्यापकाला पुण्यासाठी काम करावंसं वाटलं, कारण पुण्यात एक टेबल होतं, त्यावर कागद होते, आणि उद्याही ते टेबल तिथंच असेल असा भरवसा होता. आंतरराष्ट्रीयपणाची पहिली अट घरचं टेबल शाबूत असणं ही आहे.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. सयाजीरावांनी एका मुलाला पाठवलं आणि देशाला राज्यघटनेचा शिल्पकार मिळाला. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी, वर्षाला ७५ जणांना. चांगली योजना आहे, तिच्यावर किती घरं उभी राहिली ते मी बघितलंय. पण सुमारे तेरा कोटींच्या राज्यात पंचाहत्तर! आणि निवड यादी लागायला, हप्ता यायला उशीर झाला की तिकडं त्या मुलाचं काय होतं, ते त्या मुलांनाच विचारा. एज्युसिटीसाठी जमीन, रस्ते, मेट्रो देणार असू तर पंचाहत्तरचे साडेसातशे करायला काय हरकत आहे?

म्हणून प्राध्यापक मित्रांना सांगतो, पुढच्या वेळी आंतरराष्ट्रीयीकरणाचा रकाना भरताना तीन साधे प्रश्न स्वतःला विचारा.

प्रश्न कुणाचा आहे? बाबासाहेबांचा रुपया आणि केळकरांची मराठी घेऊन तुम्ही जगात जाताय, की तिकडच्या प्रकल्पासाठी इथून नुसती माहिती गोळा करून पाठवताय?

नियम कोण ठरवतं? सुकथनकरांनी बर्लिनचे नियम शिकून नंतर आपले बसवले. आपण अजून १८५७ सारखं दुसऱ्याच्या मापानं स्वतःला मोजत राहणार का?

आणि शेवटी इथं काय उरतं? ग्रंथालय, हस्तलिखितांची सूची, मराठीतलं एखादं पुस्तक, शिकून तयार झालेला एखादा तरुण, की फक्त फोटो?

येणाऱ्या परदेशी विद्यापीठांकडूनही आपण काही मागू शकतो, आणि करार कागदावर असतानाच मागायला हवं. त्यांची ग्रंथालयं बाहेरच्या संशोधकांना खुली असावीत. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, गडचिरोलीच्या विद्यापीठांबरोबर संयुक्त पीएचडी असावी. काही जागा पूर्ण शिष्यवृत्तीच्या असाव्यात. आणि महाराष्ट्रात कॅम्पस काढायचा तर महाराष्ट्राचा अभ्यास करणारा एक तरी विभाग असावा. एखाद्या परदेशी विद्यापीठात मराठी शिकवली जाते तेव्हा आपण अभिमानानं सांगतो. मग नवी मुंबईतल्या परदेशी विद्यापीठात ती शिकवली जावी, ही मागणी अवाजवी कशी?

यातली एकही मागणी आज कुठल्या जाहिरातीत दिसत नाही, कारण ती आपण केलेलीच नाही. प्राध्यापक संघटना सातव्या वेतन आयोगावर बोलतात, बरोबरच आहे, पोटाचा प्रश्न आहे. पण याही प्रश्नावर एक ठराव करायला काय जातं?

तुमच्यापैकी कित्येकजण शिक्षक आहात, कित्येकांची मुलं बाहेर शिकतायत, काहीजण स्वतः शिकून परत आलात. तुमच्या कॉलेजात 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे काय चाललंय ते खाली लिहा. चांगलं असेल तर तेही लिहा. आणि त्या सीएचबीवरच्या मुलीचं मार्चचं मानधन कसं मिळेल हे कुणाला ठाऊक असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा.